दक्षिणेच्या बनातली टर्की

टर्की रानटी झाल्या, असं दिराने फोनवर सांगितलं तेव्हा मी कांदा चिरत होते. मी चिरतच राहिले. काही बातम्या ऐकताना हात थांबवायची गरज नसते, कारण त्या खऱ्या नसतात.

"रानटी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बनात शिरल्या, वहिनी. दिसतच नाहीत. हाका मारून घसा बसला माझा."

"किती?"

"सगळ्याच."

माझा दीर दोह्याच्या उत्तरेला एका मजऱ्यावर सुपरवायझर आहे. मजरा म्हणजे इथल्या लोकांचं कुंपण घातलेलं शेत. थोडी भाजी, थोडा खजूर, शेळ्या, पक्षी आणि हिवाळ्यात पाहुण्यांसाठी तंबू. मालक वयस्कर कतारी गृहस्थ. सगळे त्यांना अरबाब म्हणतात, म्हणून आम्हीही. त्यांच्या मुलाशी माझी ऑफिसच्या कामातून ओळख झाली होती आणि दिरासाठी शब्द मीच टाकला होता. शेतकीची पदविका आहे, माणूस घरचा आहे, एवढंच मी म्हणाले होते. प्रामाणिक आहे असं म्हणाले नव्हते, पण ते समोरच्याने धरून घेतलं असणार.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला, शमाल म्हणतात त्याला इथे, आणि टर्कीच्या खुराड्यावरची जाळी उडाली. सकाळी खुराडं रिकामं. पक्षी वाऱ्याबरोबर दक्षिणेकडच्या बनात गेले, असं दिराचं म्हणणं. अरबाबांचं म्हणणं वेगळं होतं. एवढा मोठा पक्षी चार भिंतींच्या आत अदृश्य कसा होतो, असं त्यांनी विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. शेवटी म्हणाले, "मी दोन आठवड्यांनी शुक्रवारी येतो. एक तरी दाखव. नाही तर खलास."

खलास म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि मग चिपळूणला परत, जिथे त्याची बायको आणि दोन मुली दर महिन्याला त्याच्या फोनची वाट बघतात.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण अरबाबांचा प्रश्न योग्य होता, हेही तितकंच खरं.

मी मुशैरिबमधल्या एका ऑफिसात खरेदी सांभाळते. दिवसभर माणसं मला सांगतात की माल जहाजावर आहे. माल जहाजावर नसतो. इतकी वर्षं हे ऐकल्यावर कान एका विशिष्ट पद्धतीने तयार होतात. आणि दिराला मी लग्न झाल्यापासून ओळखते. घरच्या बागेतल्या आंब्याची पेटी त्याच्या हातून आली की ती हलकी यायची आणि तिच्यासोबत एक कारण यायचं. कारण नेहमी इतकं चांगलं असायचं की सासूबाई आंबे विसरून जायच्या. मी विसरायचे नाही.

त्यातून त्याच्या हातात नवा फोन दिसला होता.

"जाऊन बघू या तरी," नवरा म्हणाला. तो थोरला भाऊ आहे, त्याला असं म्हणावंच लागतं.

अरबाब यायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही गराफ्यातल्या आमच्या घरून सकाळीच निघालो. सोबत माझा कुकर, तूरडाळ, तांदूळ आणि बर्फाची पेटी. कुकर अशासाठी की नवऱ्याला दुपारी वरणभात लागतो, मग तो विमानतळावर असो की वाळवंटात. आणि दिराच्या कुकरची रिंग केव्हाच गेलेली. तो भात विजेच्या डब्यात शिजवतो आणि वरणाची पाकिटं आणतो.

पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे बर्फ ठेवायच्या निमित्ताने त्याचा फ्रीझर उघडला. मटार, पराठ्यांचं पाकीट, सुरमईच्या तुकड्या. टर्की नव्हती.

"काय शोधताय, वहिनी?"

"जागा."

"खालच्या कप्प्यात आहे. तिथेही बघा," तो म्हणाला. त्याला कळलं होतं. मी खालच्या कप्प्यातही बघितलं.

मग आम्ही बनात गेलो. कतारमध्ये रान नाही, असं मी रस्ताभर म्हणत होते, पण ते बन पाहिल्यावर गप्प बसले. अरबाबांच्या वडिलांनी तिथे खजूर लावले होते आणि पुढे त्या भागाची विहीर खारी झाली म्हणून लक्ष काढून घेतलं गेलं. खजूर मेले नाहीत, माजले. प्रत्येक बुंध्याला खालून फुटवे आले होते आणि त्या फुटव्यांचे मोठे खजूर झाले होते. जुन्या झावळ्या वर्षानुवर्षं न छाटता बुंध्यालाच लोंबत होत्या, घागऱ्यासारख्या जमिनीपर्यंत. मधली जागा वेड्या बाभळीने भरून काढलेली. उभं राहून चार पावलं पुढचं दिसत नव्हतं. वाकलं तर पाठीत काटा, सरळ झालं तर डोळ्याशी झावळीचं टोक. आणि खाली वाळक्या पानांचा असा थर की पाऊल टाकलं की पापडांच्या डब्यावर बसल्यासारखा आवाज.

"इथे टर्की राहते?" नवरा म्हणाला.

"इथे कोणीही राहील," मी म्हणाले. "सापडायचं नसेल तर."

दिराने खुणा दाखवल्या. पानं उकरून माती उघडी पाडलेल्या जागा. धुळीत अंग घोळवल्यासारखे खड्डे. विष्ठा. एका फांदीखाली तपकिरी, तांबूस चमक असलेलं लांब पीस. मी ते उचलून बघितलं. फार स्वच्छ होतं. वाऱ्यात आणि धुळीत इतके दिवस पडलेलं पीस असं नसतं.

"हे तू कधी पाहिलंस?"

"आत्ता, तुमच्याबरोबर."

"हं."

"वहिनी, मी काय खिशातून आणून टाकलं का ते?"

"मी काही म्हणाले का?"

"तुमचं 'हं' म्हणालं."

मग त्याने पत्र्याचा डबा काढला. टर्कीला खाणं घालायचं तर हा डबा चमच्याने बडवायचा, त्या धावत येतात, अशी त्याची पद्धत. बनाच्या तोंडाशी उभं राहून त्याने तो अशा जोरात बडवला की भिंतीपलीकडच्या शेळ्या ओरडायला लागल्या. काहीही आलं नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन बडवला. काही नाही.

"जाळी उडाली त्या दिवशीपण वाजवलास?" मी विचारलं.

"हो. तेव्हा आल्या होत्या की बनाच्या कडेपर्यंत. मी मासे धरायचं जाळं टाकलं अंगावर. सुटल्या."

"आणि त्यानंतर रोज वाजवतोस?"

"रोज. दोन्ही वेळेला."

यावर दोन गोष्टी शक्य होत्या. एक, डबा वाजला की जाळं पडतं, हे त्या पक्ष्यांना पहिल्याच दिवशी समजलं आणि हा माणूस रोज दोनदा त्यांना पळून जायची वर्दी देतोय. दुसरी, बनात काहीच नाही आणि डबा आमच्यासाठी वाजतोय. खरं सांगायचं तर मला दुसरी जास्त पटत होती.

दुपारी खोलीबाहेरच्या ओट्यावर शेगडी मांडून मी कुकर चढवला. नवरा खुर्चीवर बसून पायातले काटे काढत होता. दीर माझ्यासमोर उभा राहून अरबाबांना काय सांगायचं याचा सराव करत होता. कोल्हा आला असेल, असं तो म्हणून पाहत होता. मी म्हणाले, "कोल्हा आला तर पिसं पडतात. एक स्वच्छ पीस नाही पडत."

तेवढ्यात शिट्टी झाली.

आणि बनातून उत्तर आलं.

दुसरा शब्द नाही मला त्याला. डब्यात गोट्या घालून जोरात हलवाव्यात तसा, भरभर, घशातून खळखळत निघालेला आवाज, शिट्टीच्या शेपटीला धरूनच. नवऱ्याने वर बघितलं. "पंप का?" दिराचं तोंड उघडंच राहिलं होतं. मला मात्र त्याचा हात खिशात दिसला. बनात स्पीकर लपवून फोनवरून आवाज काढणं काही अवघड नसतं.

"फोन दे," मी म्हणाले.

"काय?"

"फोन इकडे दे आणि हात वर ठेव."

"वहिनी, तुम्ही म्हणजे..."

"दे."

त्याने दिला. मी तो माझ्या ओच्याशी धरून बसले, म्हणजे ओढणीच्या गाठीत. नवरा म्हणाला, "अगं, तुझा दीर आहे तो, चोर नाही." मी म्हणाले, "मग फोनला काय हरकत आहे?" तिघं कुकरकडे बघत राहिलो. कुकरकडे बघत बसलं की त्याला किती वेळ लागतो, हे बायकांना माहीत आहे. त्या दोघांना त्या दिवशी कळलं.

दुसरी शिट्टी झाली. लगेच तोच आवाज, त्याच जागेहून. फोन माझ्याकडे होता, दीर माझ्यासमोर होता, आणि मजऱ्यावरचे गडी शुक्रवारच्या नमाजाला गेलेले होते. बनात पक्षी होता. निदान एक.

"बघा," दीर हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मी फोन परत दिला.

पुढचा तासभर आम्ही काय केलं ते आता सांगायला विचित्र वाटतं. नवऱ्याला शेगडीपाशी बसवलं, कुकरमध्ये पाणी वाढवलं आणि त्याला सांगितलं की शिट्ट्या होऊ देत, गॅस कमी करू नका. मी आणि दीर बनात शिरलो. प्रत्येक शिट्टीला उत्तर यायचं, आम्ही त्या दिशेने सरकायचो, पानं वाजायची आणि पुढच्या शिट्टीला उत्तर दुसरीकडून यायचं. शेवटी मी दिराला एका बुंध्याला पाठ टेकवून बसवलं आणि दुसऱ्याला मी टेकले. हलायचं नाही. माझ्या अंगात पिवळा कुर्ता होता. कोंबड्यांच्या घरात वाढलेल्या मुलीने असा कुर्ता घालून जायला नको होतं. पक्ष्याला रंग दिसतात.

बसल्यावर मात्र तो दिसला. झावळ्यांच्या फटीतून नुसतं डोकं, पिसं नसलेलं, लाल. ते माझ्याकडे बघत होतं. मी श्वास रोखला. बघता बघता ते लाल डोकं निळसर पडलं, मग पांढुरकं, आणि मग तिथे नव्हतंच. पानाचासुद्धा आवाज झाला नाही. एवढं मोठं जनावर.

"दिसला का, वहिनी?"

"दिसला."

"मला नाही दिसला."

"तू डोकं खाजवत होतास."

परत आलो तेव्हा वरण जळून त्याचं डांबर झालं होतं आणि नवरा म्हणत होता की त्याने सांगितलेलं काम चोख केलं.

पुढच्या शुक्रवारी अरबाब आले. चकचकीत काळी गाडी, स्वतः चालवत. उतरले तेव्हा त्यांच्या हातावर ससाणा होता.

म्हातारे गृहस्थ हिंदी चांगलं बोलतात, फक्त क्रियापदांच्या मागे लागत नाहीत. माझ्या नवऱ्याला त्यांनी मिठी मारली, मला हात छातीशी नेऊन सलाम केला आणि दिराकडे बघितलंही नाही. तंबूसमोर गालिच्यावर बसले. कावा म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी आली, खजूर आले. ससाणा त्यांच्या मुठीवरच, डोळ्यांवर चामड्याची टोपी, पायात घुंगरू.

दिराने कुकरबद्दल सांगितलं. अरबाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि कुकरकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी खरेदीखात्यात ज्या नजरेने विक्रेत्यांकडे बघते, ती नजर मला पहिल्यांदाच समोरून दिसली.

पहिली शिट्टी झाली. बन गप्प.

"होईल, सर," दीर म्हणाला. "इन्शाल्ला."

दुसरी झाली. काही नाही. अरबाबांनी कप हलवून आणखी कावा नको अशी खूण केली. तिसरी. दिराच्या मानेवरून घाम ओघळत होता. नवरा उगाच शेगडीची आच मोठी करत होता. मला पुन्हा गेल्या शुक्रवारची प्रत्येक गोष्ट आठवायला लागली. फोन माझ्याकडे होता, पण दुसरा फोन? बनात कोणी दुसरं? पण डोकं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

मग ससाण्याने पाय बदलला आणि घुंगरू वाजलं.

लहानपणी आमच्या परसात पंचवीस कोंबड्यांचा दिवसभर गलका असायचा. घार वरून एक फेरी मारून गेली की सगळं असं बंद व्हायचं की आई चुलीपुढून विचारायची, काय झालं? कोंबड्या फणसाखाली डोळे वर करून उभ्या. घार जाऊन बराच वेळ झाला तरी एकीच्या तोंडून आवाज नाही.

"अरबाब," मी म्हणाले, "तुमचा पक्षी गाडीत ठेवावा लागेल."

दीर पुटपुटला, "वहिनी, नको." इथे कोणाच्या हातावरचा ससाणा खाली ठेवायला सांगणं म्हणजे पाहुण्याला पगडी काढायला सांगण्यासारखं आहे, हे मला माहीत होतं.

अरबाबांनी ससाण्याच्या टोपीवर बोट ठेवलं. "इसका आँख बंद," ते म्हणाले. "ये कुछ नहीं देखता."

"याचे बंद आहेत," मी हिंदीत म्हणाले. "त्यांचे उघडे आहेत."

त्यांनी टोपीवरचं बोट काढलं. मग उठले, गाडीपर्यंत गेले, मागच्या सीटवरच्या दांडीवर ससाण्याला बसवलं, एसी चालू ठेवला आणि दार लावून परत येऊन बसले. "यल्ला," म्हणाले, म्हणजे चला.

मी कुकर उतरवून पाणी घातलं आणि मुद्दाम वेळ काढला. पुन्हा चढवला. शिट्टी झाली आणि उत्तर आलं, पण दुरून नाही, बनाच्या अगदी कडेवरून. अरबाबांनी मान वळवली. पुढच्या शिट्टीला वेडी बाभूळ हलली आणि तो बाहेर आला.

शेपूट हातपंख्यासारखी उघडलेली, पंखांची टोकं जमिनीवर घासत, छाती पुढे. दिसला तो एकटाच. आमच्याकडे त्याने लक्षच दिलं नाही. थेट गाडीकडे गेला. काळ्या दारात त्याला स्वतःसारखाच दुसरा नर दिसत होता. त्याच्यापुढे तो फुगला, डोकं लाल केलं, निळं केलं, आणि मग दाराला एक टोच मारली. ठण्‌ असा आवाज झाला.

दिराने जाळं उचललं. मी त्याचं मनगट धरलं.

"सोडा, वहिनी, आता सापडेल."

"आज जाळं टाकलंस तर कुकरसुद्धा फुकट जाईल. खाली ठेव."

अरबाब हसत होते. आवाज न करता, खांदे हलवून. गाडीवर दुसरी टोच बसली तेव्हाही हसले. मग थांबले, आणि पहिल्यांदाच दिराकडे वळले. "बाकी?"

"सर, माद्या अंड्यांवर बसल्यात. हा हंगामच आहे. बसलेली मादी आवाज करत नाही, हलत नाही. पिल्लं निघाली की दिसतील."

कारण चांगलं होतं. फारच चांगलं. अरबाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, ये सच बोलता?"

नवरा माझ्याकडे बघत होता. दीरही. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी वाचू शकत होते: एक शब्द, वहिनी, फक्त हो म्हणा.

"नर आहे, हे मी बघितलं," मी म्हणाले. "तुम्हीही बघितलंत. माद्या मी बघितलेल्या नाहीत."

दिराची मान खाली गेली. नवऱ्याने दुसरीकडे बघितलं. अरबाब दाढीवरून हात फिरवत राहिले. त्या मधल्या वेळात गाडीवर आणखी दोन टोचा बसल्या.

"ठीक," ते शेवटी म्हणाले. "वो इधर रहेगा. आप हर जुम्मा आएगा. आप देखेगा, मेरे को बोलेगा." आणि कुकरकडे बोट दाखवून, "इसको लेके."

अशा रीतीने दिराची नोकरी राहिली आणि माझा शुक्रवार गेला. परतताना गाडी नवरा चालवत होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पुढच्या वेळी माझं हो चाललं नसतं," मी म्हणाले. "आज चाललं ते नाही म्हणू शकते म्हणून." त्याला पटलं की नाही, माहीत नाही. एसी वाढवला त्याने.

एप्रिल संपता संपता, ऊन कडक व्हायच्या आधी, भिंतीलगतच्या एका झावळीखालून एक मादी बाहेर आली. मागे पिल्लं, धुळीच्या रंगाची, एका ओळीत. मी बुंध्याला टेकून बसले होते, मातकट रंगाचा कुर्ता घालून. तिने मला बघितलं आणि पिल्लांसकट आत गेली. मी त्याच संध्याकाळी अरबाबांना फोन केला. ते म्हणाले, "मबरूक," म्हणजे अभिनंदन. दिराला सांगितलं तर तो म्हणाला, "मी सांगितलं होतं की नाही?" सांगितलं होतं, हे मी मान्य केलं.

पुढे आणखी एक दिसली. बाकीच्या बनात असतील. बन दाट आहे, पक्षी हुशार आहेत, आणि दिसत नाही म्हणजे नाही असं होत नाही, हे मला आता अनुभवाने माहीत आहे. फोन हप्त्यावर घेतला असं दीर म्हणतो, तेही शक्य आहे.

बर्फ मात्र दर शुक्रवारी मी स्वतःच्या हाताने त्याच्या फ्रीझरमध्ये ठेवते. खालच्या कप्प्यात.